गोव्याहून निघालेला गेंडा आणि तांब्यात कोरलेली रेघ

१५१५ च्या जानेवारीत गोव्याहून एक पोर्तुगीज जहाज लिस्बनकडे निघालं. त्यावर एक जिवंत गेंडा होता. गुजरातचा सुलतान दुसरा मुजफ्फरशाह याने तो पोर्तुगीज गव्हर्नर आल्बुकर्कला भेट दिला होता आणि आल्बुकर्कने तो आपल्या राजाकडे, मानुएलकडे, धाडून दिला. चार महिन्यांनी, २० मे रोजी, गेंडा लिस्बनला उतरला. रोमन साम्राज्याच्या काळानंतर युरोपात कुणी जिवंत गेंडा पाहिला नव्हता. तिथले लोकही त्याला इकडच्याच नावाने ‘गंडा’ म्हणू लागले. राजाने त्याची हत्तीशी झुंज ठरवली, तर हत्तीच पळून गेला. मग राजाने त्याला नजराणा म्हणून रोमला पोपकडे पाठवलं. वाटेत इटलीच्या किनाऱ्याजवळ जहाज बुडालं. साखळदंडांनी जखडलेल्या त्या बिचाऱ्या जनावराला पोहून बाहेर पडणं शक्यच नव्हतं.

पण त्याचं चित्र मागे राहिलं. जर्मनीतल्या न्यूरेंबर्ग गावात आल्ब्रेख्ट ड्यूरर नावाच्या चित्रकाराच्या हाती लिस्बनहून आलेलं वर्णन आणि एक कच्चं रेखाटन पडलं. गेंडा त्याने कधीच पाहिला नाही. तेवढ्या माहितीवर त्याने चित्र काढलं आणि ते लाकडी ठशावरून छापलं. गेंड्याच्या कातडीच्या घड्या त्याने चिलखताच्या पत्र्यांसारख्या दाखवल्या, पायांवर खवले काढले, मानेमागे पाठीवर एक जादा शिंगही बसवलं. साधारण साडेतेवीस सेंटिमीटर उंच आणि तीस सेंटिमीटर रुंद एवढा हा कागद. ड्यूररच्या हयातीतच त्याच्या चार-पाच हजार प्रती खपल्या असाव्यात, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. पुढची दोनशे वर्षं युरोपातल्या प्राणिशास्त्राच्या पुस्तकांत गेंडा म्हणून हेच चित्र पुन्हा पुन्हा उतरवलं गेलं. १७४१ साली बंगालमधून क्लारा नावाची गेंडी हॉलंडला पोहोचली आणि वर्षानुवर्षं गावोगाव फिरली, तेव्हा कुठे लोकांना खरा गेंडा कसा असतो ते कळलं.

१५१५ सालीच जर्मनीतल्या आउग्सबुर्गच्या हान्स बुर्क्मायर या चित्रकारानेही त्याच गेंड्याचा ठसा काढला होता. त्याचा गेंडा खऱ्याच्या जास्त जवळचा आहे, त्याच्या पायांतल्या बेड्याही दिसतात. आज त्याची एकच प्रत उरली आहे, व्हिएन्नाला. ज्याच्या प्रती जास्त निघाल्या आणि पोहोचल्या, तो गेंडा खरा ठरला.

युरोपातल्या मुद्राचित्रांबद्दल, म्हणजे ज्याला आपल्या कलाशाळांत ‘प्रिंटमेकिंग’ म्हणतात त्याबद्दल, लिहायचं तर आधी एक गैरसमज दूर करायला हवा. छापील चित्र म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे पोस्टर येतं: कुणीतरी आधी रंगवलेलं चित्र, त्याचा फोटो आणि त्या फोटोची छपाई. मुद्राचित्र तसं नसतं. इथे बहुधा आधीचं रंगवलेलं चित्र नसतं. चित्रकार लाकडावर, तांब्यावर किंवा दगडावर काम करतो ते कागदावर ठसा उमटावा म्हणूनच. त्यामुळे निघणारी प्रत्येक प्रत अस्सल असते. आणि तिच्यातली रेघ पेन्सिलीने काढलेल्या रेघेपेक्षा वेगळी असते, कारण हाताला अडवणारा पदार्थ वेगळा असतो. लाकूड एका तऱ्हेने अडवतं, तांबं दुसऱ्या. या सगळ्या कलेचा जीव मला त्या अडवण्यातच दिसतो.

शाळेत चित्रकलेच्या तासाला भेंडीचे ठसे सगळ्यांनीच काढले असतील. भेंडी आडवी कापायची, रंगात बुडवायची, कागदावर टेकवायची. जो भाग वर आहे त्याला रंग लागतो, मधल्या पोकळ्या कोऱ्या राहतात. वुडकट, म्हणजे लाकडी ठसा, याच तत्त्वावर चालतो. पेअरसारख्या घट्ट लाकडाची सपाट फळी घ्यायची, तिच्यावर चित्र काढायचं आणि जिथे कागद पांढरा हवा तिथलं लाकूड कोरून काढायचं. म्हणजे कारागीर रेघ कोरत नाही. रेघेच्या दोन्ही बाजूंचं लाकूड काढून टाकतो आणि मधे रेघेचा बारीक बांध उभा ठेवतो. सावलीसाठी रेघांवर रेघा आडव्या-उभ्या टाकल्या असतील, तर त्यांच्यामधला एकेक चौकटीएवढा पांढरा ठिपका सुरीच्या टोकाने उकरावा लागतो. ड्यूरर बहुधा फळीवर चित्र काढून देई आणि कोरणारे निष्णात कारागीर वेगळे असत. त्यांच्यातल्या फार थोड्यांची नावं आपल्याला ठाऊक आहेत. त्या गेंड्याच्या अंगावरचे खवले जवळून पाहिले की ते हात कुणाचे होते, असं मनात आल्यावाचून राहत नाही.

ठशाने कापड छापणं युरोपला आधीपासून माहीत होतं. अडचण होती ती कागदाची. चामड्यावर शेकडो चित्रं छापणं कुणाला परवडणार? इटलीत फाब्रियानोला तेराव्या शतकात कागद बनू लागला. न्यूरेंबर्गला उल्मान श्ट्रोमर या व्यापाऱ्याने १३९० मध्ये कागदाची गिरणी उभी केली. कागद स्वस्त झाला आणि साधारण १४०० च्या सुमारास खेळायचे पत्ते आणि संतांची चित्रं धडाधड छापली जाऊ लागली. गुटेनबर्गचं छापील बायबल अजून पन्नासेक वर्षं दूर होतं, म्हणजे या खंडात छापील चित्रं छापील पुस्तकांच्या आधी घरात आली. १४२३ साल कोरलेलं संत क्रिस्टोफरचं एक चित्र जर्मनीतल्या बुक्सहाइमच्या मठात एका हस्तलिखिताच्या आत चिकटवलेलं सापडलं. आता ते मँचेस्टरला आहे. या संताचं मुखदर्शन ज्या दिवशी घडेल, त्या दिवशी वाईट मरण येणार नाही, अशा अर्थाच्या ओळी त्याखाली आहेत. सकाळी उठून देवाच्या कॅलेंडरला हात जोडणाऱ्या आपल्या माणसांना त्या चित्राचं मोल वेगळं सांगायला नको.

आता दुसरी रीत, भेंडीच्या नेमकी उलट. घरातला पितळेचा तांब्या आठवा, ज्यावर आजीचं नाव कोरलेलं असतं. पितांबरीने घासून धुतला, पुसला, तरी त्या अक्षरांच्या खाचेत पांढरी पूड राहतेच. वरचा पृष्ठभाग स्वच्छ आणि खाच भरलेली. तांब्याच्या पत्र्यावरची छपाई हीच आहे. पत्र्यावर रेघा कोरायच्या, सगळीकडे घट्ट शाई चोपडायची, मग खळ लावलेल्या जाळीदार कापडाने आणि शेवटी तळहाताने पुसून काढायची. शाई फक्त खाचांत उरते. वर ओलसर कागद ठेवायचा, त्यावर लोकरीची जाड घडी आणि हे सगळं दोन लोखंडी रुळांमधून उसाच्या चरकासारखं दाबून काढायचं. ओला कागद खाचेत शिरतो आणि शाई उचलून आणतो. म्हणून अशा चित्राच्या रेघेवरून बोट फिरवलं तर ती किंचित वर आलेली लागते, आणि चित्राभोवती पत्र्याच्या कडेचा दाबलेला चौकोन दिसतो. संग्रहालयात चित्र पाहताना पहिल्यांदा मी तोच चौकोन शोधते.

हे कोरणं सोनारांचं काम. युरोपातली एन्ग्रेव्हिंगची कला १४३० च्या दशकात सोनारांच्या दुकानांतूनच बाहेर आली. हत्यार एकच, ब्युरिन: पोलादी सळई, पुढचं टोक तिरकं घासलेलं, मागे तळहातात बसणारी लाकडी मूठ. ते पुढे ढकलायचं असतं. वळण हवं असेल तर हात वळवायचा नाही, चामड्याच्या उशीवर ठेवलेला पत्रा फिरवायचा. जोर वाढवला की रेघ फुगते, सोडला की बारीक होत संपते. चूक झाली तर ती जागा खरवडा, घासा, पाठीमागून ठोकून वर आणा आणि पुन्हा कोरा.

ड्यूररचे वडील सोनारच होते. १४९२ साली तरुण ड्यूरर त्या काळच्या सर्वांत मोठ्या एन्ग्रेव्हरला, मार्टिन शोनगाउअरला, भेटायला कोल्मारला गेला. तो पोहोचला तेव्हा शोनगाउअर आदल्याच वर्षी वारला होता. त्याच्या भावांनी पाहुण्याचं स्वागत केलं. पुढे १५१४ मध्ये ड्यूररने ‘मेलेंकोलिया’ कोरलं. जेमतेम चोवीस सेंटिमीटर उंचीचा पत्रा. पंख असलेली एक बाई हनुवटीखाली मूठ देऊन बसली आहे, भोवती सुताराची हत्यारं, तराजू, वाळूचं घड्याळ, एक हाडकुळा कुत्रा झोपलेला. भिंतीवर सोळा घरांचा जादूचा चौरस आहे. कुठूनही बेरीज करा, ३४ येते, आणि खालच्या ओळीच्या मधल्या दोन घरांत १५ आणि १४ शेजारी येऊन साल सांगतात. या चित्राच्या अर्थावर विद्वानांनी भरपूर लिहिलं आहे. मला त्यातली रेघ जास्त बोलते. कुत्र्याच्या बरगड्या, रेशमी घोळ, दगडाची पैलू पाडलेली बाजू, दूरचं पाणी, सगळं एकाच काळ्या शाईत, एकाच हत्याराने, फक्त रेघेची जाडी आणि अंतर बदलून. रेशीम रेशमासारखं चमकतं आणि दगड दगडासारखा जड वाटतो.

धंदाही त्याला नीट कळत होता. बायको आग्नेस फ्रँकफर्टच्या जत्रेत चित्रं विकायला नेई, आई गावात विकत असे. रंगीत चित्रं काढत बसण्यापेक्षा कोरीव कामच धरून राहिलो असतो तर आज हजार गिल्डरनी, म्हणजे तिथल्या नाण्यांनी, श्रीमंत असतो, असं त्याने १५०९ मध्ये एका गिऱ्हाइकाला कळवलं होतं. प्रत्येक ठशावर तो मोठ्या ‘ए’च्या पायांत ‘डी’ बसवलेली आपली मुद्रा टाके. व्हेनिसमध्ये मार्कांतोनियो रायमोंदीने त्याच्या चित्रांच्या नकला मुद्रेसकट छापल्या. इटालियन चरित्रकार वासारी सांगतो की ड्यूररने तिथे तक्रार केली, आणि निकाल असा लागला की मुद्रा वापरायची नाही. चित्र उतरवायला मात्र मनाई झाली नाही.

तिसरी रीत आळशी माणसाने शोधली असावी असं वाटतं, पण तिनेच सर्वांत मोकळी चित्रं दिली. चिलखतांवर नक्षी काढणारे कारागीर धातूवर मेणासारखा थर देत, नक्षीपुरता तो खरवडत आणि ॲसिड ओतत. उघडा धातू ॲसिड खाऊन टाकी. आउग्सबुर्गच्या डानिएल होप्फरने १५०० च्या सुमारास हीच युक्ती छपाईच्या पत्र्यावर वापरली. हेच एचिंग. तांब्याशी झुंज ॲसिड घेतं, हाताला फक्त मऊ थरावर सुई फिरवायची असते, म्हणून रेघ वहीत गिरवल्यासारखी सहज पळते. पत्रा ॲसिडमध्ये थोडा वेळ ठेवला तर फिकट रेघ, जास्त वेळ ठेवला तर गडद. फिकट हव्या त्या रेघा लाखेने झाकून पत्रा पुन्हा बुडवायचा. फ्रान्सच्या झाक कालोने वीणेसारखी वाद्यं बनवणाऱ्यांचं घट्ट व्हार्निश वापरून हे तंत्र इतकं काटेकोर केलं की हातभरही नसलेल्या पत्र्यावर तो मोठाले जमाव उभे करी. १६३३ मध्ये छापलेली त्याची युद्धाच्या हालअपेष्टांची मालिका पाहताना झाडाला फळांसारखी लटकलेली माणसं दिसतात, आणि ती इतकी बारीक असतात की कागद डोळ्यांजवळ न्यावा लागतो.

हॉलंडचा चित्रकार रेम्ब्रांट याने सुमारे ३०० एचिंग केली. ‘शंभर गिल्डरचं चित्र’ म्हणून ओळखलं जाणारं १६४८ च्या सुमाराचं चित्र घ्या: येशूभोवती आजारी, गरीब, शंकेखोर माणसं. डावीकडची माणसं नुसत्या बाह्यरेघांत, उन्हात वितळल्यासारखी, आणि उजवीकडचा अंधार एकावर एक रेघांनी मखमलीसारखा दाट. त्याची एक प्रत शंभर गिल्डरना गेली म्हणून हे नाव पडलं असं सांगतात. ‘तीन क्रूस’ हे येशू क्रूसावर आणि भोवती जमाव असं १६५३ चं चित्र त्याने ॲसिडशिवाय, सुई थेट तांब्यात रुतवून केलं. अशा रेघेच्या कडेला धातूचा बारीक कीस उभा राहतो, तो शाई धरतो आणि छापताना रेघ मऊ, केसाळ दिसते. कीस लवकर झिजतो, म्हणून चांगल्या प्रती थोड्याच निघतात. पत्रा झिजल्यावर रेम्ब्रांटने तो टाकून दिला नाही. बराचसा जमाव खरवडून काढला, नवे आकार आणले आणि वरून अंधाराच्या उभ्या रेघांचा पाऊस पाडला. त्याच पत्र्यावरचं हे जवळजवळ दुसरं चित्र आहे. पहिलं पाहताना आपण गर्दीत असतो, दुसरं पाहताना कुणी दिसेनासंच होतं.

त्याच्याकडून आपल्याकडे येणारी एक पायवाटही आहे. मुघल लघुचित्रं त्याने पाहिली होती आणि जपानी कागदावर ती वीसेक वेळा उतरवली होती. १६५६ मध्ये केलेल्या त्याच्या एचिंगमध्ये बायबलमधल्या अब्राहमकडे आलेले देवदूत जमिनीवर बैठक घालून बसले आहेत, आणि ती बैठक मुघल चित्रातली आहे.

मेझोटिंट थोडक्यात सांगते. १६४२ मध्ये लुडविग फॉन झीगेनने आणलेली ही रीत: दातेरी हत्याराने सगळा पत्रा खरबरीत करायचा, तो छापला तर गच्च काळा येतो, मग जिथे उजेड हवा तिथे घासत जायचं. इंग्रजांनी यात माणसांची चित्रं भरपूर छापली.

ॲक्वाटिंटपाशी मात्र थांबायला हवं. राळेची बारीक पूड पत्र्यावर भुरभुरून खालून तापवली की कण चिकटतात. ॲसिड त्या कणांच्या मधून पत्रा खातं आणि छापल्यावर रेघेऐवजी करडी सावली मिळते, पाण्याने दिलेल्या हातासारखी. स्पेनच्या फ्रांसिस्को गोयाने या सावलीत काय भरलं ते पाहावं. आजारपणात तो बहिरा झाला होता. १७९९ मध्ये त्याने ‘काप्रिचोस’ ही ८० चित्रांची मालिका माद्रिदमधल्या अत्तरं आणि मद्यं विकणाऱ्या एका दुकानात विक्रीला ठेवली. २७ संच खपले आणि त्याने ती मागे घेतली. पुढे पत्रे राजाला देऊन टाकले. त्यातल्या ४३व्या चित्रात एक माणूस टेबलावर डोकं टेकून झोपला आहे आणि त्याच्यामागून घुबडं, वटवाघळं उठत आहेत. टेबलावर लिहिलं आहे की विवेक झोपला की राक्षस जन्मतात. ३२व्या चित्रात रेघच नाही, तुरुंगातली बाई फक्त सावल्यांतून उभी केली आहे.

नंतर नेपोलियनच्या फौजा आल्या. गोयाने १८१० पासून जे कोरलं ते छापून विकण्यासारखं नव्हतं. तांबं मिळेना, तेव्हा त्याने निसर्गचित्रांचे दोन जुने पत्रे तोडून त्यांवर युद्ध कोरलं. एका चित्राखाली एवढंच लिहिलं आहे: मी हे पाहिलं. ही मालिका १८६३ मध्ये छापली गेली, त्याच्या मृत्यूनंतर ३५ वर्षांनी.

याच ॲक्वाटिंटने आपलं वेरूळ लंडनच्या दिवाणखान्यांत नेलं. जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार पुण्याच्या दरबारात काम करत होता, आणि त्याच्याबरोबर गंगाराम चिंतामण तांबट हा पुण्याचा चित्रकार होता. वेल्स १७९५ मध्ये वारला. त्याने केलेल्या वेरूळच्या रेखाटनांवरून थॉमस डॅनियलने १८०३ मध्ये लंडनला २४ ॲक्वाटिंट छापली. कैलास लेण्याचा दगड आणि राळेची दाणेदार सावली यांचं इतकं जमलं आहे की ते तंत्र त्या खडकासाठीच शोधलं होतं असं वाटावं.

शेवटची रीत दगडाची, लिथोग्राफीची. जर्मनीच्या बव्हेरिया प्रांतातल्या म्युनिकच्या आलोइस झेनेफेल्डरला आपली नाटकं स्वस्तात छापायची होती. १७९८ पर्यंत त्याला उत्तर सापडलं: तेल आणि पाणी मिसळत नाहीत. सोल्नहोफेनच्या गुळगुळीत चुनखडी दगडावर तेलकट खडूने काढायचं, दगड ओला करायचा, वर तेलकट शाईचा रूळ फिरवायचा. शाई खडूलाच चिकटते, ओला दगड तिला नाकारतो. कोरणं नाही, खोदणं नाही, म्हणून वेग प्रचंड. पॅरिसच्या ओनोरे दोमिएने वर्तमानपत्रांसाठी सुमारे ४,००० लिथोग्राफ काढले आणि राजा लुई-फिलिपला खादाड राक्षस दाखवल्याबद्दल १८३२ मध्ये तुरुंगात गेला. आपल्याकडे याला शिळाछाप म्हणत. गणपत कृष्णाजींनी मुंबईत १८३१ मध्ये शिळाछापावर पंचांग काढलं, आणि शाईत चरबी असते म्हणून लोक बिचकू नयेत यासाठी त्यांनी तुपाची शाई वापरली असं सांगतात. राजा रविवर्मांनी १८९४ मध्ये गिरगावात छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. एकेका रंगाला एकेक दगड, आणि जर्मन तंत्रज्ञ सोबत. आपल्या पणज्यांच्या देवघरातली लक्ष्मी आणि सरस्वती बव्हेरियात लागलेल्या या शोधातून उमटल्या आहेत.

आता गेंड्याकडे वळू. ड्यूरर १५२८ मध्ये गेला, फळी राहिली. तिच्या एकूण आठ आवृत्त्या निघाल्या. १६२० नंतर ती आम्स्टरडॅमच्या विलेम यान्सन या छापखानदाराच्या हाती आली, तेव्हा लाकडाला किडीने भोकं पाडली होती, चौकटीच्या रेघा तुटल्या होत्या आणि गेंड्याच्या पायांतून एक लांब तडा गेला होता. यान्सनने सावलीसाठी दुसरा ठसा बनवून घेतला आणि काळ्या रेघांखाली हिरव्या रंगाचा हात दिला. त्या प्रती आजही पाहायला मिळतात. चारी पायांतून आडवी गेलेली पांढरी रेघ त्यांत स्पष्ट दिसते, आणि ती कुणीही कोरलेली नाही.